अली पडला नाही, म्हणून कुणी थांबवलं नाही

हेवीवेट बॉक्सिंगचा विश्वविजेता लॅरी होम्स याच्याविरुद्धच्या लढतीत मुहम्मद अली एकदाही खाली पडला नाही. तारीख 2 ऑक्टोबर 1980. लास व्हेगासमधल्या सीझर्स पॅलेस हॉटेलच्या वाहनतळावर खास उभारलेलं तात्पुरतं स्टेडियम, सुमारे 25 हजार प्रेक्षक. दहा फेऱ्या झाल्या आणि तिन्ही परीक्षकांनी दहाच्या दहा फेऱ्या होम्सला दिल्या. मग अलीच्याच माणसांनी लढत थांबवली. 61 व्यावसायिक लढतींच्या कारकिर्दीत अली ठरलेल्या फेऱ्या पूर्ण होण्याआधी हरला तो फक्त या रात्री.

मार पचवणाऱ्या बॉक्सरांबद्दल या खेळात फार आदर आहे. कॅनडाचा जॉर्ज चुव्हालो 93 लढती लढला. अली, जो फ्रेझर, जॉर्ज फोरमन अशा सगळ्यांचा मार त्याने खाल्ला आणि एकदाही जमिनीला टेकला नाही. मार्विन हॅगलरला 67 लढतींत कुणी नॉकआउट करू शकलं नाही. जेक लामोटाचं नाव आजही याच गुणासाठी घेतलं जातं. रसिकांच्या गप्पांत अशा याद्या निघतात तेव्हा अलीचं नाव त्यात असतंच, आणि ते रास्तच आहे. पण होम्सबरोबरच्या लढतीआधीची तीन वर्षं क्रमाने तपासली की वेगळीच गोष्ट दिसते. बॉक्सरला वाचवण्यासाठी या खेळाने जी काही व्यवस्था उभी केली आहे, ती तो कोसळण्याची वाट बघते. जो कोसळत नाही, त्याच्यापर्यंत ती पोचतच नाही.

थोडं शरीरशास्त्र आधी सांगायला हवं. हनुवटीवर बाजूने ठोसा बसला की डोकं झटक्यात वळतं. कवटीच्या आतला मेंदू त्या वेगाने वळू शकत नाही, तो किंचित मागे राहतो, आणि या ओढाताणीत मेंदूतले बारीक तंतू ताणले जातात. ताण ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की शुद्ध हरपते, म्हणजे नॉकआउट. काही माणसं या मर्यादेपर्यंत लवकर जात नाहीत. मानेचे स्नायू भक्कम असतात, हनुवटी छातीकडे दाबून धरायची सवय असते, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे येणारा ठोसा त्यांना आधी दिसतो. दिसलेला ठोसा शरीर झेलतं, त्याच्या दिशेने थोडं सरकतं. अलीची नजर या बाबतीत विलक्षण होती. पण शुद्ध हरपली नाही म्हणजे मेंदूला काही झालं नाही, असं मुळीच नाही. मर्यादेच्या खालचे ठोसेही तंतू ताणतच असतात. घरातला फ्यूज उडत नाही म्हणून आतली वायर तापत नाही असं कुणी म्हणणार नाही, आणि ज्या बॉक्सरचा फ्यूज कधीच उडत नाही त्याची वायर सगळ्यात जास्त वेळ तापत राहते.

व्यवहारातही हेच होतं. नॉकआउट झालेल्या बॉक्सरवर बहुतेक ठिकाणी ठरावीक दिवसांची बंदी येते आणि त्याला डॉक्टरांकडे जावं लागतं. सगळ्या फेऱ्या मार खाऊन गुणांवर जिंकलेल्या बॉक्सरचा हात उंचावला जातो आणि पुढच्या लढतीची बोलणी सुरू होतात.

उशिरा सापडलेला गुण

तरुण अलीला मार पचवायची गरजच नव्हती. 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकलेला आणि 1964 मध्ये सनी लिस्टनला हरवून विश्वविजेता झालेला अली पायांवर लढायचा. हेवीवेट गटात इतका चपळ माणूस तोवर कुणी पाहिला नव्हता. हात कमरेपाशी ठेवून, डोकं फक्त काही इंच मागे घेऊन तो ठोसे चुकवायचा. मग 1967 मध्ये व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती व्हायला त्याने नकार दिला. किताब गेला, परवाना गेला, आणि पंचविशी ते अठ्ठाविशीची ऐन भरातली साडेतीन वर्षं रिंगबाहेर गेली.

ऑक्टोबर 1970 मध्ये अटलांटात जेरी क्वारीविरुद्ध तो परतला तेव्हा पाय पूर्वीसारखे राहिले नव्हते. पाय मंदावल्यावर ठोसे लागू लागले, आणि ते लागू लागल्यावर अलीला आणि जगाला कळलं की हा माणूस ते सहन करू शकतो. मार्च 1971 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनला पंधराव्या फेरीत फ्रेझरचा डावा हुक (कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा) असा बसला की दुसरा कुणी उठला नसता. अली पडला आणि लगेच उभा राहिला. 1973 मध्ये केन नॉर्टनविरुद्धची लढत संपली तेव्हा त्याचा जबडा मोडलेला होता. 1974 मध्ये किन्शासात त्याने फोरमनला दमवण्यासाठी दोरांना टेकून मुद्दाम मार घेतला आणि आठव्या फेरीत त्याला पाडलं. जगभर त्या डावाचं कौतुक झालं. खरोखरच तो अफाट धाडसाचा आणि हिशेबाचा डाव होता.

मला मात्र त्या विजयाची दुसरी बाजू जास्त खुपते. एकदा यशस्वी झालेला धोका पुढे सवय झाला. पेनसिल्व्हेनियातल्या डियर लेकच्या सराव शिबिरात अली दोरांना टेकून उभा राही आणि सरावातल्या जोडीदारांना स्वतःला मोकळेपणी मारू देई. अंग घट्ट होतं, अशी त्याची समजूत होती. पोटाचे स्नायू सरावाने घट्ट होतात हे खरं आहे. मेंदूला घट्ट होण्यासाठी स्नायूच नसतात. लढतीतले ठोसे निदान चित्रफितीवर मोजता येतात, या सरावातले मोजायला कुणीच नव्हतं. त्या जोडीदारांपैकी एक होता तरुण लॅरी होम्स.

1977: पहिला इशारा

प्रकरणाची खरी सुरुवात मी 29 सप्टेंबर 1977 ला धरतो. मॅडिसन स्क्वेअर गार्डन, समोर अर्नी शेव्हर्स. 50 हून अधिक नॉकआउट नावावर असलेला शेव्हर्स हेवीवेटच्या इतिहासातला सगळ्यात जोरकस ठोसे मारणाऱ्यांपैकी एक मानला जातो. दुसऱ्याच फेरीत त्याचा उजवा ठोसा अलीला बसला आणि अलीचे गुडघे सुटले.

यापुढची काही सेकंदं जुन्या चित्रफितीत पुन्हा पुन्हा बघण्यासारखी आहेत. अली डोळे मोठे करतो, अंग हेलकावतो, जणू काही लागल्याचं नाटक करतोय. शेव्हर्स थबकतो. समोरचा माणूस खरंच हेलपाटतोय की आपल्याला जाळ्यात ओढतोय, हे त्याला ठरवता येत नाही, आणि पुढे घुसून शेवट करायची संधी निसटते. अलीने खरं दुखणं सोंगाआड लपवलं होतं. रिंगमध्ये ही चलाखी अमूल्य होती, त्यावर तो पंधरा फेऱ्या टिकला, शेवटची फेरी तर त्याने जोरात लढली आणि निकाल एकमताने त्याच्या बाजूने लागला. पण ज्याला फसवायचं तो प्रतिस्पर्धी जसा फसला, तसेच ज्यांनी फसायला नको होतं तेही फसले. अली जिंकला, म्हणजे अली ठीक आहे.

सगळेच फसले असं मात्र नाही. गार्डनसाठी लढती ठरवणारे टेडी ब्रेनर यांनी लढतीनंतर जाहीर सांगितलं की अलीने आता निवृत्त व्हावं, आणि गार्डन त्याची पुढची लढत भरवणार नाही. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीपासून अलीच्या कोपऱ्यात असलेले डॉक्टर फर्डी पाचेको यांच्या हाती न्यूयॉर्कच्या तपासणीचे अहवाल आले. मूत्रपिंडं नीट काम करत नव्हती. पाचेकोंनी त्या अहवालाच्या प्रती अलीला, त्याच्या पत्नीला आणि व्यवस्थापक हर्बर्ट मुहम्मद यांना पाठवल्या. कुणाकडूनही उत्तर आलं नाही. पाचेको अलीचा गोट सोडून गेले.

पाचेकोंनी राहायला हवं होतं का? निघून जाऊन त्यांनी स्वतःची सदसद्विवेकबुद्धी जपली, पण गोटातला ‘नाही’ म्हणू शकणारा एकमेव डॉक्टरही गेला. तरीही त्यांना दोष देणं मला पटत नाही. त्यांच्या हातात अहवाल होता, अधिकार नव्हता. अधिकार ज्यांच्याकडे होता ते परवाना देणारे राज्याचे बॉक्सिंग आयोग, आणि अमेरिकेत प्रत्येक राज्याचा कारभार वेगळा. न्यूयॉर्कच्या प्रयोगशाळेत जे दिसलं ते नेव्हाडाला बंधनकारक नव्हतं. पुढची लढत फेब्रुवारी 1978 मध्ये नेव्हाडातल्याच लास व्हेगासला झाली. अली नवख्या लिऑन स्पिंक्सकडून हरला आणि सप्टेंबरमध्ये न्यू ऑर्लिन्सला त्यालाच हरवून तिसऱ्यांदा विश्वविजेता झाला. 1979 मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली.

तिथे थांबला असता तर!

1980: एकेक दार उघडत गेलं

1980 च्या जानेवारीत अली भारतात आला होता. दिल्लीत सेनादलाचा बॉक्सर कौर सिंग त्याच्याशी प्रदर्शनी लढतीत खेळला. याच कौर सिंगने 1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत हेवीवेटचं सुवर्ण जिंकलं. भारतातून अली अध्यक्ष कार्टर यांचा दूत म्हणून आफ्रिकेत गेला, मॉस्को ऑलिंपिकवरच्या बहिष्काराला पाठिंबा मिळवायला. त्या वेळच्या अलीचं वजन वाढलेलं होतं आणि बोलणं जड झालेलं होतं. त्यानंतर काही महिन्यांतच होम्सशी लढतीची घोषणा झाली. अलीला 80 लाख डॉलर मिळणार होते, आयोजक डॉन किंग. चौथ्यांदा विश्वविजेता होण्याच्या कल्पनेने अली भारून गेला होता, आणि त्याच्यावर प्रेम करणारं जगही.

शंका उघड बोलल्या जात होत्या, म्हणून नेव्हाडाच्या आयोगाने तपासणी मागितली. जुलै 1980 मध्ये अली मिनेसोटातल्या प्रख्यात मेयो क्लिनिकमध्ये दाखल झाला. तिथल्या अहवालात काय होतं ते नीट बघायला हवं. बोट नाकाला लावायच्या चाचणीत नेम थोडा चुकत होता. एका पायावर उडी मारताना अपेक्षित चपळाई नव्हती. सकाळी उठल्यावर कधीकधी हातांना मुंग्या येतात, असं त्याने स्वतः सांगितलं होतं. मेंदूच्या स्कॅनमध्ये दोन पोकळ्यांमधल्या पातळ पडद्यात फट दिसली होती, ती जन्मजात असावी असा अर्थ लावला गेला. आणि शेवटी निष्कर्ष असा की लढण्यास मनाई करावी असं ठोस काही आढळलं नाही.

पडद्यातली ती फट जन्मजात असू शकते, हे खरं आहे. अनेक निरोगी माणसांत ती असते. पण 1973 मध्येच ब्रिटिश संशोधक कॉर्सेलिस आणि सहकाऱ्यांनी 15 निवृत्त बॉक्सरांच्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध केला होता आणि त्यांतल्या बहुतेकांत या पडद्याची हानी आढळली होती. बॉक्सरांच्या मेंदूविकारावरचा पहिला वैद्यकीय लेख तर हॅरिसन मार्टलँड यांनी 1928 मध्येच लिहिला होता. म्हणजे सात वर्षांपूर्वीचं आणि बावन्न वर्षांपूर्वीचं ज्ञान उपलब्ध होतं. 38 वर्षांचा, वीस वर्षं व्यावसायिक लढती खेळलेला हेवीवेट, नाकाला बोट नेमकं लावता येत नाही, बोलणं मंदावलंय, आणि स्कॅनमध्ये ही फट. यांतली प्रत्येक गोष्ट सुटी घेतली तर किरकोळ. एकत्र ठेवल्यावर त्यांना किरकोळ म्हणणं मला शक्य वाटत नाही. तपासणीत विचारलेला प्रश्नच मला चुकीचा वाटतो. ‘मनाई करण्याजोगं काही सापडतंय का’ असं विचारलं गेलं. ‘या माणसाने आणखी पंधरा फेऱ्या डोक्यावर मार घेणं सुरक्षित आहे, असं कशाच्या आधारावर म्हणता येईल’ हे कुणी विचारलं नाही. आयोगाने परवाना दिला.

पुढचं दार वजनाचं. वसंतात अडीचशे पाउंडांच्या पुढे गेलेला अली लढतीच्या वजनकाट्यावर 217.5 पाउंड भरला, म्हणजे जेमतेम 99 किलो. किन्शासानंतर इतका हलका तो कधीच नव्हता. केस काळे केलेले, पोट सपाट, आरशात 1974 चा अली. पत्रकारही हरखले, पैजांचे भाव त्याच्या बाजूने सरकले. या सडपातळपणामागे नुसता घाम नव्हता. हर्बर्ट मुहम्मद यांच्या खासगी डॉक्टरांनी त्याला थायरॉइडच्या गोळ्या दिल्या होत्या आणि अली त्या सांगितल्यापेक्षा जास्त घेत होता. या औषधाने शरीराची भट्टी जोरात पेटते: चरबी जळते, सोबत स्नायूही झिजतात, हृदयाचे ठोके वाढतात, शरीरातलं पाणी कमी होतं आणि उष्णता सहन होत नाही. नेव्हाडाच्या वाळवंटात, प्रखर दिव्यांखाली, पंधरा फेऱ्यांच्या लढतीआधी याहून वाईट औषध शोधून सापडलं नसतं. लढतीच्या काही दिवस आधीच अलीची धावायची ताकद संपली होती. त्याच्याभोवती डझनावारी माणसं होती. कुणालाही हे दिसलं नाही, किंवा दिसूनही कुणी बोललं नाही.

दहा फेऱ्या

होम्स तेव्हा 30 वर्षांचा होता, 35 लढतींत अपराजित, आणि त्याच्या डाव्या जॅबची (हात सरळ फेकून मारलेल्या झटपट ठोशाची) तुलना इतिहासातल्या सर्वोत्तम जॅबशी होत होती. पहिल्या फेरीपासून तो जॅब अलीच्या चेहऱ्यावर पडू लागला. अलीने सुरुवातीला हातवारे केले, टोमणे मारले, प्रेक्षकांना चेतवलं. त्या हातांमागे ठोसे मात्र नव्हते. तिसऱ्या-चौथ्या फेरीपर्यंत कळून चुकलं की तो काही राखून ठेवत नाहीये, त्याच्याकडे काही उरलेलंच नाही.

आणि इथे त्याचीच ख्याती त्याच्यावर उलटली. किन्शासात आठव्या फेरीपर्यंत तो असाच दोरांना टेकला होता ना? मनिलात फ्रेझरविरुद्ध हरता हरता जिंकला होता ना? दुसऱ्या कुठल्याही बॉक्सरची लढत रेफ्री रिचर्ड ग्रीन यांनी सहाव्या-सातव्या फेरीत थांबवली असती, असं मला ठामपणे वाटतं. अलीची कशी थांबवणार? तो पडत नव्हता. डोळे उघडे होते, हात वर होते. रेफ्रीच्या हातात जे निकष होते त्यांत ‘गेल्या चार फेऱ्यांत या माणसाने धड एक ठोसा मारलेला नाही’ याला पुरेसं वजन नव्हतं.

नवव्या फेरीत होम्सचा अपरकट (खालून वर मारलेला ठोसा) बसला, अली वळला, आणि पाठोपाठ मूत्रपिंडावर ठोसा पडला. अली ओरडला. इतकी वर्षं अंगावर येईल ते गप्प राहून घेणारा माणूस वेदनेने ओरडला, तो आवाज रिंगजवळच्या लोकांनी ऐकला. होम्सचे ठोसे यापुढे हलके झालेले दिसतात. तो रेफ्रीकडे बघतो, थांबवा असं सुचवतो. रिंगमधल्या तीन माणसांपैकी जो मारत होता, त्यालाच सगळ्यात आधी पुरे झालं होतं. ज्याच्या शिबिरात तो घडला, ज्याने त्याला उमेदीच्या काळात रोजगार दिला, त्याच माणसाला तो मारत होता.

दहावी फेरी संपल्यावर अलीच्या कोपऱ्यात दोन मतं होती. सहायक बंडिनी ब्राउन आणखी एक फेरी मागत होता, मुख्य प्रशिक्षक अँजेलो डंडीच्या स्वेटरला धरून विनवत होता. ब्राउनचं अलीवर जिवापाड प्रेम होतं, याबद्दल शंका नाही, आणि त्या प्रेमापोटीच तो अकरावी फेरी मागत होता. हर्बर्ट मुहम्मद यांना रिंगकडे बघवत नव्हतं. त्यांनी मान वर करून डंडीला इशारा केला. डंडीने ब्राउनला झिडकारलं, मुख्य सेकंड (कोपऱ्यातला प्रमुख) मी आहे असं सुनावलं आणि रेफ्रीला सांगितलं: संपलं.

डंडीला या निर्णयाचं श्रेय मिळतं, मिळायलाही हवं. पण तुलना करायची तर पाच वर्षं मागे जावं लागेल. 1 ऑक्टोबर 1975, मनिला, अली-फ्रेझर तिसरी लढत. चौदा फेऱ्यांनंतर फ्रेझरला समोरचं नीट दिसत नव्हतं, तरी तो उठायला तयार होता. एकच फेरी बाकी होती आणि समोर अली स्वतःही संपलेला होता. फ्रेझरचे प्रशिक्षक एडी फच यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला उठू दिलं नाही. फच यांनी आपल्या आयुष्यात रिंगमध्ये बॉक्सर मरताना पाहिले होते. फ्रेझर त्यांच्यावर फार चिडला. फ्रेझरही पडला नव्हता. फच यांनी पडण्याची वाट पाहिली नाही, एवढाच फरक. तीन मिनिटांत विश्वविजेतेपद मिळण्याची शक्यता असताना त्यांनी थांबवलं. डंडींनी थांबवलं तेव्हा हरायला काही उरलंच नव्हतं.

लढतीनंतर होम्स रडला. जेतेपद राखलेला अपराजित विजेता मुलाखतीत डोळे पुसत होता, आणि नंतर अलीच्या खोलीत जाऊन माझं तुझ्यावर प्रेम आहे असं सांगत होता.

नासाऊ, आणि त्यानंतर

लढतीनंतरच्या दिवसांत अलीला लॉस एंजेलिसच्या रुग्णालयात तपासण्यांसाठी दाखल करावं लागलं, तेव्हा थायरॉइडच्या औषधाची भानगड बाहेर आली. नेव्हाडाच्या आयोगाने चौकशी ठरवली. डिसेंबर 1980 मध्ये अलीने चौकशीला सामोरं जाण्याऐवजी परवाना परत केला. प्रकरण इथे तरी संपायला हवं होतं. एका वर्षाने, 11 डिसेंबर 1981 ला, बहामाच्या नासाऊ शहरात तो कॅनडावासी ट्रेव्हर बर्बिकविरुद्ध पुन्हा रिंगमध्ये उतरला. अमेरिकेत त्याला लढवायला कुणी धजावत नव्हतं, म्हणून देश बदलला. दहा फेऱ्या तो उभा राहिला, गुणांवर हरला आणि मग थांबला. त्याचा चाळिसावा वाढदिवस महिनाभरावर आला होता.

1984 मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याला पार्किन्सनची लक्षणं असल्याचं निदान झालं. ही लक्षणं बॉक्सिंगमुळेच आली का, यावर डॉक्टरांत मतभेद आहेत. सुरुवातीला उपचार करणाऱ्यांचा रोख डोक्याला बसलेल्या माराकडे होता. त्याला पुढे अनेक वर्षं तपासणाऱ्या मेंदूविकारतज्ज्ञांनी मात्र नेहमीचाच, कमी वयात सुरू झालेला पार्किन्सन्स असल्याचं मत मांडलं. औषधांना मिळालेला प्रतिसाद आणि आजार दशकानुदशके हळूहळू वाढत जाणं, ही त्यांची कारणं वजनदार आहेत. त्यामुळे ‘शेव्हर्सच्या ठोशांनी अलीला पार्किन्सन्स दिला’ असं मी म्हणणार नाही. आजाराचं कारण काहीही असो, तो आत सुरू झालेला असताना वरून ठोसे पडत होते, हे तर निश्चित आहे.

त्याचा पुरावा अलीच्या आवाजातच आहे. 2017 मध्ये अॅरिझोना स्टेट विद्यापीठातल्या वाणी-संशोधकांनी त्याच्या जुन्या दूरचित्रवाणी मुलाखतींतल्या बोलण्याचा वेग मोजला. 1968 ते 1981 या काळात, म्हणजे वयाच्या 26 ते 39 मध्ये, हा वेग 26 टक्क्यांनी घसरला होता. निरोगी माणसात या वयात अशी घसरण अपेक्षित नसते. शेव्हर्सच्या लढतीआधीची आणि नंतरची मुलाखत शेजारी ठेवली तेव्हा 16 टक्क्यांचा फरक निघाला. म्हणजे हनुवटी काही सांगत नव्हती तेव्हा जीभ सांगत होती. जगातला सगळ्यात प्रसिद्ध बोलका खेळाडू, त्याचं बोलणं कोट्यवधी लोक ऐकत होते, आणि ते मंदावल्याचं अनेकांना जाणवतही होतं. दोन मुलाखतींच्या ध्वनिफिती आणि एक स्टॉपवॉच एवढं साहित्य 1977 मध्येही होतं.

ज्याच्याविरुद्ध अली 1970 मध्ये परतला, त्या जेरी क्वारीचाही इथे उल्लेख व्हायला हवा. तोही मार खाऊन पुढे सरकण्यासाठी नावाजलेला. 1992 मध्ये, मेंदूची हानी आधीच दिसून आलेली असताना, बॉक्सिंग आयोगच नसलेल्या कोलोरॅडोत त्याला लढायला मिळालं. 1999 मध्ये 53 व्या वर्षी तो वारला. तेव्हा त्याला जेवण भरवावं आणि कपडे घालून द्यावे लागत होते.

पाहण्यासारखं काय आहे

1982 च्या नोव्हेंबरमध्ये दक्षिण कोरियाच्या किम दुक-कूचा रे मॅन्सिनीविरुद्धच्या लढतीनंतर मृत्यू झाला. रेफ्री तेच, रिचर्ड ग्रीन. त्यानंतर जागतिक बॉक्सिंग परिषदेने विजेतेपदाच्या लढती पंधरावरून बारा फेऱ्यांवर आणल्या आणि हळूहळू बाकीच्या संघटनाही त्याच मार्गाने गेल्या. आज मोठ्या लढतींआधी मेंदूचे स्कॅन अनेक ठिकाणी सक्तीचे आहेत. पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटपासून जिल्ह्याजिल्ह्यांतल्या क्रीडासंकुलांपर्यंत आपली मुलं ज्या ऑलिंपिक पद्धतीने लढतात, त्यात फेऱ्या तीनच असतात आणि बॉक्सर उभा असतानाही रेफ्री आठपर्यंत मोजू शकतो. उभ्या माणसालाही मोजायची ही तरतूद मला सगळ्यात शहाणपणाची वाटते, कारण तीत पडण्याची वाट बघावी लागत नाही.

पण हे सगळं लढतीपुरतं. डियर लेकच्या दोरांवर अलीने घेतलेला मार कुठल्याच गुणपत्रिकेवर नव्हता, आणि त्या बाबतीत फारसं काही बदललेलं नाही. पोरगं दणकट आहे, कितीही मारा, हलत नाही, असं कौतुक सरावाच्या जागी सर्रास ऐकू येतं. मग त्याच पोराला वरच्या वजनाच्या बॉक्सरांसमोर उभं केलं जातं, कारण तो टिकतो. अशा मुलासाठी प्रशिक्षकाने एक वही ठेवावी: जोराच्या सरावाच्या फेऱ्या किती झाल्या, समोर कोण होता, डोक्यावर स्वच्छ ठोसे किती बसले, दुसऱ्या दिवशी डोकं दुखत होतं का. दर तीन-चार महिन्यांनी फोनवर त्याचं दोन मिनिटांचं बोलणं ध्वनिमुद्रित करावं आणि जुन्याशी ताडून ऐकावं. एका पायावर उभं करावं, डोळे मिटून नाकाला बोट लावायला सांगावं. यातलं काहीही खर्चाचं नाही. नोंद बिघडत चालली आणि मुलगा मात्र मी ठणठणीत आहे म्हणत असला, तर वहीवर विश्वास ठेवावा, आणि त्याला हेडगिअर उतरवून काही महिने फक्त बॅगवर आणि पायांच्या हालचालींवर काम द्यावं.